नारळ आणि मुलगी

"दाजी, पगार बारा आणि हप्ता साडेबारा. म्हणजे पोरगी महिनाभर राबणार आणि वर घरातून पाचशे रुपये नेऊन बँकेत भरणार. हे शिक्षण आहे का दंड?"

जालिंदर माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून बोलत होता. जालिंदर म्हणजे माझ्या बायकोचा, शालनचा, धाकटा भाऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. माझं तासगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती आणि बोअरच्या मोटारी धडाधड जळत होत्या. जळकी मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढून टाकायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे माझं काम. त्याच्या बोलण्यापेक्षा मला हातातलं काम बरं वाटत होतं, म्हणून मी मान वर केली नाही.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. साडेबारा कसे आले?"

"चार वर्षांची फी, वसतिगृह, खानावळ मिळून साडेपाच लाख. त्यावर चार वर्षांचं व्याज. सारिका नर्स होऊन बाहेर पडेल तेव्हा सात लाख डोक्यावर असतील. आणि पगार किती, तर मी मिरजेत दोन दवाखान्यांत विचारून आलोय. नवीन पोरीला बारा हजार. एका ठिकाणी तर दहाच म्हणाले."

हिशोब खोटा नव्हता. जालिंदर खोटं बोलणारा माणूस नाही. शालनच्या आजारपणात दर शनिवारी शाळा सुटली की तो तसाच यायचा, कधी रिकाम्या हातानं आला नाही. म्हणून मी त्याचं ऐकून घेत होतो.

शालन जाऊन पाच महिने झाले होते. अर्धांगाचा झटका आला आणि ती चौदा महिने अंथरुणावर होती. मी दुकानात असायचो, कारण दुकान बंद ठेवलं तर औषध कुठून आणणार? तिचं सगळं सारिकानं केलं. बारावीचं वर्ष होतं तिचं. आईला कुशीवर वळवायचं आणि पुस्तक उशाशी ठेवून वाचायचं. तरी तिला मिरजेच्या एका कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला जागा मिळाली होती. पुढच्या आठवड्यात पहिली फी भरायची होती. बँक चार लाखांपर्यंत जामीन मागत नव्हती, त्याच्या वर मागत होती. जामीन राहण्यासारखा पगारदार माणूस आमच्या नात्यात एकच होता, आणि तो माझ्यासमोर स्टुलावर बसला होता.

"मग तू सही करणार नाहीस?"

"सहीचं नंतर बोलू. आधी दुसरं ऐका." त्यानं स्टूल पुढं ओढलं. "स्थळ आलंय. विट्याजवळचे देवकर. गलाईवाले. पोराचं कोइमतूरला दुकान आहे, सोनं गाळायचं. बंगला, गाडी, सगळं आहे. आणि मागणी काही नाही. हुंडा नाही, मानपान नाही. नारळ आणि मुलगी द्या म्हणतात."

"एवढं कशापायी?"

"चांगली माणसं नसतात का जगात?" तो चिडला. "दाजी, अक्काला वर्ष व्हायच्या आत लग्न उरकायला पाहिजे. नाहीतर तीन वर्षं थांबा. पोरगी एकवीस-बावीसची होईल, तोवर असं स्थळ थांबणारे का?"

आमच्याकडे तशी रीतच आहे. घरातलं कोणी गेलं की लग्नकार्य वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं नाव काढायचं नाही. शालनचं दिवसकार्य झालं त्याच दिवशी मांडवात बायका हे बोलत होत्या. मी ऐकलं होतं.

"रविवारी नुसतं घर बघून या," जालिंदर म्हणाला. "बघून आल्यावरही तुम्ही नर्सिंगच म्हणालात तर मी सही करतो. अक्काची शपथ."

त्यानं शालनचं नाव घेतलं तेव्हा मी हो म्हणालो.

घरी आल्यावर मी सारिकाला सगळं सांगितलं. तिच्यापासून काही लपवायची सवय मला राहिली नव्हती. चौदा महिने आम्ही दोघांनी जे बघितलं त्यानंतर लपवण्यासारखं उरलं काय होतं? ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"मामांचा हिशोब बरोबर आहे," ती म्हणाली. "सुरुवातीला बाराच देतात. मीपण विचारलंय."

"मग तुला का जायचंय? लोकांना सांगताना म्हणतात तशी सेवाबिवा करायचीय का?"

"सेवा?" तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ओशाळलो. "आप्पा, सेवेची मला काडीची हौस नाही. आईचं केलं कारण ती आई होती. मला पगार पाहिजे."

"बारा हजार?"

"बारा तर बारा. माझे असतील."

मला हसू आलं. शालन गेल्यावर पहिल्यांदाच हसलो असेन. सारिकापण हसली, मग भाकरी करपली म्हणून ओरडली.

"रविवारी तू पण चल," मी म्हणालो.

"मी? घर बघायला मुलगी नेतात का कधी?"

"राहायचंय कुणाला, मला का तुला?"

रविवारी जालिंदर एस.टी. स्टँडवर आला आणि सारिकाला बघून त्यानं तोंडच पाडलं. "दाजी, लोक काय म्हणतील? पोरगी उतावीळ झाली म्हणतील." मी म्हटलं, म्हणू दे. सगळ्या वाटेत तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.

बंगला खरंच मोठा होता. पुढं संगमरवरी पायऱ्या, वर पिण्याच्या पाण्याची टाकी मोटारगाडीच्या आकाराची. विट्याच्या आसपास असे बंगले पुष्कळ आहेत. त्यांची पोरं देशभर सोनं गाळत फिरतात आणि गावात घरं बांधतात. घरात राहतात म्हातारी माणसं. ह्या बंगल्यातही मुलाचे वडील शंकरराव आणि आई विमलताई, एवढेच समोर आले. मुलगा फोटोत होता.

सारिकाला बघून ती माणसं बुजतील असं वाटलं होतं. उलटच झालं. विमलताई एकदम खूष.

"बरं झालं आणली. ये गं, बस हितं माझ्याजवळ." त्यांनी तिला सोफ्यावर शेजारी बसवलं, गोड शिरा दिला, चहा दिला. मग माझ्याकडे वळल्या. "लई सोसलं पाव्हणं तुम्ही. आमच्या कानावर आलंय सगळं. आईचं हिनंच केलं म्हणं."

"हो."

"एकटीनं?"

"एकटीनंच."

"अंघोळ, कपडे, खाली-वर, सगळं?"

मी मान हलवली. मला ते बोलणं नको होतं.

"आन् पडून पडून पाठीला एकसुदिक जखम झाली न्हाई म्हणं! चौदा महिन्यांत! मी ह्यास्नी म्हटलं, असली पोरगी दिवा घेऊन हुडकली तरी गावायची न्हाई." त्यांनी सारिकाच्या पाठीवरून हात फिरवला. "दर दोन तासांनी कूस बदलायचीस का गं?"

"हो," सारिका म्हणाली. तिच्या बशीतला शिरा तसाच होता.

शंकरराव शांत माणूस. त्यांनी माझ्याकडे दुकानाची चौकशी केली, पावसाची केली. मी मुलाचं विचारलं. तो वर्षातून दोनदा येतो म्हणाले, दिवाळीला आणि जत्रेला.

"मग लग्नानंतर ही तिकडं जाणार?"

"जाईल की," शंकरराव म्हणाले. "पहिली एक-दोन वर्षं हितंच राहील. घराची सवय होईल. मग बघू."

"तिला नर्सिंगला जागा मिळालीय," मी म्हणालो.

"ते सांगितलं मास्तरांनी. पण पाव्हणं, कर्ज काढून पोरगी शिकवायची आन् मग ती दुसऱ्याच्या घरी जायची. तुम्हाला काय ऱ्हाणार? कर्ज तेवढं." ते हसले. वाईट हेतूनं नाही, व्यवहारातला माणूस बोलतो तसं. जालिंदरनं माझ्याकडे बघितलं, मी म्हणत होतो ते हेच, अशा नजरेनं.

विमलताई सारिकाला घर दाखवायला आत घेऊन गेल्या. आम्ही तिघं गप्पा मारत बसलो. बराच वेळ झाला. मी हात धुवायचं निमित्त करून उठलो.

मागच्या बाजूला एक मोठी खोली होती. दार अर्धं उघडं. डेटॉलचा वास दारापर्यंत येत होता. तो वास मी चौदा महिने घेतलाय, तो मला कुठंही ओळखू येतो. आत लोखंडी कॉटवर एक म्हातारे गृहस्थ होते, शंकररावांचे वडील. एक अंग गेलेलं, शालनसारखंच. कॉटच्या एका बाजूला पांढरा ॲप्रन घातलेली चाळिशीची बाई उभी होती, दुसऱ्या बाजूला माझी सारिका. तिनं ओढणी कमरेला खोचली होती.

"एक, दोन, तीन म्हटलं की," ती त्या बाईला सांगत होती. मग थांबली. म्हाताऱ्याचं धोतर सुटलं होतं. तिनं आधी त्यांच्या अंगावर चादर ओढली आणि मगच त्यांना कुशीवर घेतलं. म्हातारबाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांना लाज वाटत होती, हे दारातून दिसत होतं.

विमलताई हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभ्या होत्या. पाठीला आराम मिळाल्यासारख्या.

"बघ लता," त्या ॲप्रनवालीला म्हणाल्या, "बघून शीक जरा. नर्सिंग ब्युरोतनं शिकून आलेली तू, आन् हिला बघ."

मला कोणी पाहिलं नव्हतं. मी आत गेलो.

"सारिका, हात धू."

"आप्पा, एवढी उशी लावते पाठीला..."

"लाव आणि मग धू."

विमलताई गडबडल्या. "आवं, मी न्हाई सांगितलं. जरा हात लाव म्हटलं, तर तिनंच आपणहून..."

"ताई, ह्या बाईंना महिन्याला काय देता?"

"ब्युरोला बारा हजार. वर दोन टायमाचं जेवान, च्या. आन् ह्या बायका टिकत न्हाईत, पाव्हणं. चार महिने झालं की नवी. दिवाळीनंतर बंदच करणार हाय म्हणा."

"दिवाळीनंतर का?"

"तवर लगीन हुईलच की."

हे त्या अगदी सरळ बोलल्या. त्यात काही दडवायचं आहे असं त्यांना वाटलंच नाही. बोलून झाल्यावर मात्र त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. लताबाई खिडकीबाहेर बघायला लागली. तिला आपली नोकरी कधी जाणार ते आत्ताच कळलं असावं.

जालिंदर आणि शंकरराव आवाज ऐकून दारात आले होते.

मी मोठ्यानं बोलणारा माणूस नाही. त्या दिवशीही नव्हतो.

"जालिंदर, हिशोब तुला चांगला येतो. सांग. महिन्याला बारा हजार, वर्षाला किती?"

"दाजी, चला बाहेर. म्हातारे झोपलेत."

"ते जागे आहेत. सांग."

"एक लाख चव्वेचाळीस हजार."

"चार वर्षांचे?"

त्यानं माझा दंड धरला, मी सोडवून घेतला.

"पावणेसहा लाख. साडेपाच लाखाचं कर्ज काढून पोरीला हे शिकवणं तुला तोट्याचं वाटतं. आणि इथं ही माणसं पावणेसहा लाखाचं काम नारळावर मागतायत, ते तुला थोर वाटतं."

"पाव्हणं," शंकरराव म्हणाले, "सून घरातलं करते. त्याचा पगार धरतात का कुठं?"

"मी आले तवा सासूचं केलं की," विमलताईंचा आवाज चढला. "सात वर्षं. मला कुणी दिला पगार? कंबर गेली माझी, अजून रातचं कूस बदलता येत न्हाई मला. कुणी इचारलं?"

त्या खरं बोलत होत्या. मला त्यांचा राग येईना, आणि तरी मागं हटायचं नव्हतं.

"नाही विचारलं, ताई. विचारायला पाहिजे होतं. म्हणून तुमच्यासारखी आणखी एक करायची का?" मी म्हणालो. "माझ्या बायकोच्या पाठीला जखम झाली नाही, ही आमच्या घरातली गोष्ट होती. ती पोरीची आणि तिच्या आईची. तुम्ही त्याच्यावरून स्थळ केलंत. ती जिवंत असती तर तिनं तुम्हाला चहासुद्धा दिला नसता."

"अक्काला कशाला मध्ये आणताय?" जालिंदर तडकला. त्याचे डोळे भरले होते. "मी काय तिच्या पोरीचं वाईट चिंततोय? आणि हिशोबच करताय तर पूर्ण करा. शिकूनसुद्धा तिला बाराच मिळणार आहेत ना? ही बाई कॉलेज न करता तेवढेच घेते. मग चार वर्षं घालवून वेगळं काय मिळवणार ती?"

सारिका हात पुसत पुढं आली.

"मामा, तिथं ड्युटी संपते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आठ तास झाले की दुसरी येते. चार्ज द्यायचा आणि बाहेर पडायचं." तिनं ओढणी सोडून नीट घेतली. "चौदा महिने मला कोणी चार्ज घ्यायला आलं नाही. तुम्ही शनिवारी यायचात, फळं आणायचात. एक तास आईजवळ बसतो, तू झोप, असं एकदासुद्धा म्हणाला नाहीत. आप्पापण नाही म्हणाले."

माझंही नाव तिनं घेतलं. घ्यायलाच हवं होतं. जालिंदर खाली बघायला लागला, आणि मी खिडकीकडे.

मग ती म्हातारबाबांकडे वळली. "आजोबा, येते. उशी टोचत असली तर ह्यांना सांगा." त्यांनी बऱ्या हातानं तिला जा, जा अशी खूण केली. त्यांना बोलता येत नव्हतं. पण ती खूण हाकलण्याची नव्हती, एवढं मला कळलं.

बाहेर पायऱ्यांवर जालिंदरनं मला थांबवलं.

"चारचौघांत माझं नाक कापलंत. मी सही करणार नाही, दाजी. शपथ गेली खड्ड्यात."

"नको करूस."

"मग वर्षाच्या आत लग्न विसरा. बसा आता तीन वर्षं."

"तीन का? चार बसतो. कोर्स चार वर्षांचा आहे."

तो पुढच्या गाडीनं गेला. आम्ही बापलेक स्टँडवर उसाचा रस पीत उभे राहिलो. सारिका म्हणाली, आता कसं करायचं? मी म्हटलं, बँक चार लाख विनाजामीन देते तेवढे घेऊ. उरलेल्याला तुझ्या लग्नाची ठेव मोडू. ती म्हणाली, मग लग्न? मी म्हटलं, नारळ आहे की घरात.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी ठेव मोडली.

जालिंदरचा हिशोब बव्हंशी खरा ठरला, हे मी कोणापुढंही कबूल करतो. पहिला पगार साडेअकरा आला, आणि हप्ता नऊ हजारांवर होता. मिरजेत एका खोलीत चौघी राहायच्या. मी दर महिन्याला जमेल तेवढं घालायचो, कधी जमायचं नाही. दोन वर्षं तिनं नवा ड्रेस घेतला नाही. नंतर ती पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात लागली, पगार वाढत गेला, कर्ज फिटलं. लग्न तिनं तिच्या वेळेला केलं, तिथल्याच लॅबमधल्या मुलाशी. जालिंदर आला होता. आहेर करून, जेवून गेला. माझ्याशी बोलायला त्याला आणखी एक वर्ष लागलं.

मागच्या वर्षी मी स्कूटरवरून पडलो आणि खुब्याचं हाड मोडलं. सारिका आठ दिवस रजा काढून आली. सगळी व्यवस्था लावली, आणि नवव्या दिवशी पुण्याला परत गेली. जाताना माझ्यासाठी बाई लावून गेली. बाईंनी पंधरा हजार सांगितले, सारिकानं एक रुपयाची घासाघीस केली नाही. वर त्यांना म्हणाली, "रविवारी सुट्टी घ्यायची. आप्पांनी थांबवलं तर मला फोन करायचा."

गल्लीत चर्चा झालीच. जालिंदर बघायला आला, आता तो निवृत्त झालाय. बराच वेळ बसला आणि मग राहवलं नाही त्याला.

"दाजी, वाईट वाटून घेऊ नका. पण स्वतःची पोरगी नर्स, आणि बापाला परकी बाई?"

"हो," मी म्हणालो.

"एवढं कर्ज काढून शिकवलंत ती तुमच्या उपयोगाला आली नाही."

"माझ्या उपयोगासाठी काढलंच नव्हतं."

रविवार होता, बाईंची सुट्टी. मी वॉकर ओढला, स्वयंपाकघरात गेलो आणि आमच्या दोघांचा चहा ठेवला.